लांबोळं भोक

सॉफ्टवेअर विचारतं: हे टोक कसं धरू?
सहा चौकोन. तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे.

मी कालच रे रोडच्या शेडमधून आले आहे,
नाकात अजून ग्रीस, केसांत गंजाची पूड.
वीस टनांची क्रेन. साडेसात मीटरचा गर्डर
खांबाच्या ब्रॅकेटवर टेकलेला,
त्याच्या वरच्या पट्टीला खांबाशी बांधणारी एक प्लेट
आणि प्लेटच्या वेल्डमध्ये केसाएवढी चीर.

पास्कल डाबरे शिडीवर माझ्या आधी चढला.
वसईहून पहाटे निघणारा फिटर, निवृत्तीला सात महिने.
म्हणाला, मॅडम, हात ठेवा इथं. बोलू नका.
खाली कुणीतरी शिट्टी दिली.
क्रेन आली,
गर्डर पोटात किंचित वाकला
आणि माझ्या तळव्याखाली त्याचं टोक
वळलं.
झोपेत कूस बदलावी, त्याच्या नुसत्या सुरुवातीएवढं.
प्लेट ताणली. क्रेन गेली. प्लेट सुटली.
दिवसाला दोनशे वेळा, पास्कल म्हणाला,
मी लागलो तेव्हापासून.

जुन्या गणिताच्या फाईलमध्ये या टोकापुढं
‘गच्च’ असं लिहिलंय. सुबक अक्षर, खाली सही.
त्या माणसावर रागावता येत नाही.
टोक गच्च धरलं की कागदावर वाक कमी होतो,
लोखंड वाचतं, साहेब खूश.
फक्त गर्डरनं ती फाईल वाचली नव्हती.

मी खुणा करत जाते.
उभा भार: धरला. क्रेनचा आडवा हिसका: धरला.
लांबीच्या दिशेनं एक टोक धरलं, दुसरं सोडलं.
पीळ धरला, बाकीची वळणं सोडली.
आणि भार खांबाच्या मध्यावर नाही,
साडेतीनशे मिलिमीटर बाहेर, ब्रॅकेटवर.
तेवढ्यानं खांब कलंडू बघतो, तेही घातलं.

मग ड्रॉइंगवर टीप लिहिते, मराठीत,
इंग्रजी टीप तिथं कुणी वाचत नाही म्हणून:
प्लेटचं भोक गर्डरच्या लांबीत लांबोळं ठेवणे.
नट हातानं आवळणे, वर दुसरा नट.
वेल्डिंग करू नये.
‘करू नये’खाली दोन रेघा.

पास्कलला फोनवर वाचून दाखवलं.
तो हसला, मग खोकला.
म्हणाला, मार्चपर्यंत मी आहे.
नंतर एखादा पोरगा वर चढेल, नट हलताना बघेल,
त्याला वाटेल कामात कसर राहिली.
मारेल एक टाका.
चांगल्या मनानंच मारेल.

मी तिसरी रेघ ओढते.