चौदा तांबे

तिसऱ्यांदा परत आलं.
या वेळी शाई लाल नव्हती, हिरवी होती,
डॉक्टर सुरैयांचं पेन बदललं असावं.
"यात नावीन्य कुठे आहे?" एवढंच,
आणि प्रश्नचिन्हाखालचं टिंब इतकं दाबून दिलेलं
की मागच्या पानावर उमटलेलं,
जुलैच्या रकान्यात,
एखादा आकडा जास्तीचा असावा तसं.

पहिल्यांदा म्हणाल्या, विषय फार छोटा.
मी अख्खी रुवी घेतली:
एवढ्या इमारती, एवढ्या खिडक्या, एवढे एसी,
प्रत्येकाच्या शेपटीतून ठिबकून
फुटपाथवर वाळून जाणारं पाणी.
मग म्हणाल्या, फार मोठा.
मी एकच इमारत घेतली. आमचीच.
आता म्हणतात, हे तर कोणीही करेल.

खरंच आहे, कोणीही करतं.
वॉचमन रहमतुल्ला रंगाच्या डब्यात हेच पाणी धरतो
आणि जिना पुसतो.
आई कढीपत्त्याला घालते,
ज्याला इथली हवा आमच्यापेक्षा लवकर मानवली.
त्यांना नावीन्य कोणी विचारत नाही.

इल्हामचा ड्रोन पास झाला.
तो खजुरांवरून फिरतो, कीड मोजतो.
तिनं हलवा आणला तेव्हा मी दोनदा घेतला;
तोंड भरलेलं असलं की
अभिनंदन एकदाच म्हणावं लागतं.

त्यानंतर मी उठलेच नाही.
पडदा ओढलेला, एसी सोळावर.
छताकडे बघत हिशेब मांडत होते:
चार वर्षं, बाबांचे ओव्हरटाइम,
गावी न गेलेले उन्हाळे.
मुळात इंजिनिअर मला व्हायचं होतं,
की बापाच्या व्हिसावरच्या मुलीला
व्हिसा संपायच्या आत काहीतरी व्हावंच लागतं?
जाहिरातींत अनुभव मागतात.
माझा अनुभव परत येण्याचा.
आणि परत म्हणजे कुठे विचारलं
तर वेंगुर्ला सांगायचं की रुवी,
तेही अजून ठरलेलं नाही.

बाहेर बादलीत टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

शुक्रवारी वही रद्दीत टाकायला काढली.
शेवटची पानं कोरी असायला हवी होती.
नव्हती.
बॉलपेननं, मराठी आकड्यांत,
कडेला ग्रीसचा अंगठा उमटलेला:
रविवार, तेरा तांबे.
सोमवार, साडेबारा.
मंगळवार, फिल्टर धुतलंय, म्हणून पंधरा.
बुधवार, चौदा.
गुरुवार, बाय जेवूक नाय. चौदा.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गच्च्यांवर चढून
एसी दुरुस्त करणारा माणूस
घरी येऊन, रात्री अकराला,
बादलीपाशी उकिडवा बसून
तांब्या तांब्या मोजत होता.
मला एका शब्दानं बोलला नाही.

मी आधी चिडले.
तांबे हे काय एकक आहे?
मग मंगळवार पुन्हा वाचला.
फिल्टर धुतला, म्हणून पंधरा.
तीन महिन्यांच्या माझ्या तक्त्यात
"म्हणून" हा शब्द एकदाही नव्हता.

हॉलमध्ये बाबा बातम्या बघत झोपलेले,
रिमोट पोटावर, तोंड जरा उघडं.
पास झालं तर बरं, नाही तर
यांच्या शिडीचं खालचं टोक धरायला
कोणीतरी लागतंच, असं वाटून गेलं,
आणि त्यात वाईट नेमकं काय
हे त्या क्षणी आठवेना.

स्वयंपाकघरात जाऊन तांब्या घेतला,
आईच्या लग्नातला, बुडाला पोचा आलेला.
काठोकाठ भरला,
कॉलेजच्या मापात ओतला,
डोळा रेघेच्या पातळीवर आणला, शिकवतात तसा.

नऊशे चाळीस मिली.

वहीत लिहिलं. खाली रेघ मारली.
आजचा रकाना रिकामा होता,
आणि बाहेर बादली
भरत आली होती.