चौदा हलक्या कळा

योंगसानच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथला सरकता जिना नोव्हेंबरपासून बंद आहे,
तिथे माझा गाळा. मी प्यो दा-सोल. कीबोर्ड विकते.
खरं तर आवाज विकते,
आणि बोटाखालचा तो केसभर नकार
जो कुणाला हवा असतो, कुणाला अजिबात नको.

लोक कलिंगड घेताना ठोकतात तशा कळा ठोकतात,
कान तिरका करून.
निळी टकटकते. पिंगट जराशी अडखळते.
लाल काही न बोलता खाली जाते,
शेवाळलेल्या पायरीवरून पाय सुटावा तशी.
परवा एक पोरगा दोन तास बसून होता.
त्याला बादुकची सोंगटी लाकडी पटावर ठेवल्याचा आवाज हवा होता,
टेबलावर पडल्याचा नको.
मी तेल घातलं, फोम काढला, परत भरला.
तो म्हणाला, आता फळी ओली वाटते.
त्याचं बरोबर होतं, हेच वाईट.

आणि त्या रविवारी मा सांग-गू आले, धापा टाकत.
एकवीस वर्षं इंचॉनला बस चालवली,
आता बसखात्याला तक्रारी लिहितात:
वेळापत्रक फार उंच लावलंय, बावीस नंबर थांबतच नाही.
म्हणाले, "सगळ्यात मोठ्यानं वाजणारा द्या.
तक्रार काय कुजबुजत करायची?"

निळ्या कळांचा पुढे ठेवला.
उजवा हात खुशीत धावत सुटला.
डावा त्यांनी मांडीवरून उचलून आणला,
झोपलेलं मूल गाडीतून उतरवतात तसा.

आमच्या लिपीची व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या.
एका अक्षराला दोन्ही हात लागतात.
पडद्यावर उमटलं: आ. ओ. आ. इ.
त्यांनी वाचलं. मी वाचलं.
"गेल्या मेमध्ये," ते म्हणाले.
पुढचं काही म्हणाले नाहीत.

मी त्यांच्यापुढे बार्लीचा चहा ठेवला आणि चिमटा उचलला.
डावीकडच्या चौदाच्या चौदा कळा उपटल्या.
साठ ग्रॅमच्या जागी पस्तीस.
पस्तीस म्हणजे एक चिमणी
आणि फार तर तिच्या चोचीतली काडी.
उजवीकडच्या हलवल्या नाहीत.
गिअर टाकून कमावलेला हात तो,
हलकं काही दिलं तर रुसला असता.

"म्हणजे हा लंगडा झाला की."
"चालतो का बघा," मी म्हटलं.

सावकाश. अनामिका घसरली, परत वर आली.
मधे चहा निवला.
*स्टॉपवर बाक नाही*
एवढंच. मग पूर्णविराम,
तो मात्र असा हाणला
की समोरचा हेडफोनवाला मान वर करून बघू लागला.

हलक्या कळा वाजत नव्हत्या,
हुं म्हणाव्यात तेवढ्याच.
त्यांनी दोनदा ऐकून पाहिलं, हसले:
"बायको शेजारच्या खोलीत झोपते.
बरं झालं, तिला अर्धीच तक्रार ऐकू येईल."

काढलेल्या कळा मी डब्यात लोटणार,
तोच त्यांनी हात आडवा घातला,
आणि कोटातून गोळ्यांची डबी काढली,
सोमवार ते रविवार, सात कप्पे.
रविवारची गोळी सकाळीच संपली होती, डबी रिकामी.
एकेका वारात दोन-दोन बसल्या.
"जड आहेत," म्हणाले, "पण लागतील."

कधी, ते मी विचारलं नाही.
पैशांतले तीन हजार वॉन सोडले, ते त्यांनी मोजून परत ठेवले.

जिना बंदच होता.
उतरताना कठडा त्यांनी डाव्या हातानं धरला.
धरला म्हणजे,
त्याच्यावर हात ठेवला.