आग्नेयेला तोंड करून

मंगळवारी रात्री साडेआठला चित्र थबकलं,
बातम्या देणाऱ्या बाईच्या ओठांचे चौकोन झाले,
मग निळा पडदा. सिग्नल नाही.
हे म्हणाले, "वारं असंल."
लेंगऱ्यात वारं कधी नसतं?

सकाळी हे स्लॅबवर, मी खाली टीव्हीपुढं,
मधे जिन्यात शेजारचा प्रज्योत, आवाज पोचवायला.
"आलं का?"
"न्हाई."
"आता?"
"आलं... गेलं."
"आलं का गेलं, एक काय ते सांग!"
एवढं बोलणं आमच्यात
लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत मिळून झालं नसेल.
तेव्हा पत्रात "खुशाल आहे" असायचं
आणि मनिऑर्डरचा आकडा.

छत्रीत कावळ्यानं काड्या टाकलेल्या.
वायरीचं टोक हिरवं पडलेलं.
ह्यांनी ते कापलं, सोललं,
तांब्याची एकच तार उभी ठेवली,
भोवतीची जाळी मागं दुमडली,
बाळाची कुंची सारावी तशी.
मग छत्री केसभर डावीकडं, केसभर उजवीकडं.
आग्नेयेला तोंड करून असते ती.
ही दिशा मला ह्यांनीच शिकवलेली, लग्नाच्या साली,
उंबऱ्यात उभं करून:
ते तिकडं, सेलम.

तरी निळाच पडदा.
गुरुवारी तर खोका सुरूच होईना.
लाल दिवा लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लुकलुकायचा.
प्रज्योत म्हणाला, नवा घ्या काका, विट्यात बाराशेला मिळतोय.
हे काही बोलले नाहीत.
चार स्क्रू काढले, बशीत ठेवले.

एकतीस वर्षं सोन्याची गलाई केलेला माणूस
राखेत कण शोधावा तसा आत बघत बसला.
मग नखानं दाखवलं.
हिरव्या पाटीवर इवली इवली पिंपं उभी,
सगळ्यांची डोकी सपाट,
एकाचं तेवढं भाकरीसारखं टम्म.
"ह्येचं पोट सुटलंय.
आता ह्ये काय धरून ठिवत न्हाई."

तसलंच पिंप माळ्यावरच्या मेलेल्या डीव्हीडीत सापडलं.
हजार, सोळा व्होल्ट.
आकडे मी वाचले, ह्यांना चष्म्यातूनही दिसत नाहीत.
पांढरी पट्टी वजाकडं. उलटं बसलं तर फुटतं, म्हणाले.
डाख द्यायचं यंत्र प्रज्योतच्या मोबाईलच्या दुकानातनं.
राळेचा धूर निघाला तसे हे थांबले,
थोडा वेळ तो नाकात धरून ठेवला.
हात अजिबात हलत नव्हता.
जेवताना हलतो.

लाल दिवा. मग हिरवा.
खोका आपणहून वाहिन्या शोधू लागला,
भजनं, बातम्या, शेतीचा कार्यक्रम,
एकेक नाव खाली उतरत गेलं
आणि एका नावाशी ह्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक जाडा माणूस
सायकलवर बसूनच कुणाशी तरी भांडत होता.
त्यातलं अक्षर मला कळत नव्हतं.
हे हसले.
म्हणजे आवाजानं, खांदे हलवून,
मग पडद्याला उलट उत्तर दिलं, त्याच भाषेत, भरभर,
कुठंच न अडखळता.
मराठीत हे असे बोलत नाहीत.
मराठीत तोळा-मासा.

हा माणूस मी पाहिला नव्हता.
ह्याची तिकडं एक गल्ली असणार, उधारीचा चहावाला असणार,
भट्टी विझल्यावर पायरीवर बसून
ह्याला चिडवणारे चारजण असणार.
सुट्टीला यायचा तो दुसराच,
पंधरा दिवसांचा,
पाहुण्यासारखा पाटाच्या कडेला बसणारा.
त्यालाच मी नवरा समजले.

विचारायचं बरंच होतं.
"काय म्हणाला तो?" एवढंच विचारलं.
"कुठं काय. चेन पडलीया म्हणतोय."
"आणि तुम्ही?"
"मी म्हटलं, आधी खाली उतर की लेका."

झाकण लावताना तीनच स्क्रू बसले,
चौथा बशीत राहिला.
एका कोपऱ्यातनं आतला हिरवा उजेड दिसत होता.
हे पुन्हा उघडायला निघाले.
मी म्हटलं, असू द्या तेवढी फट,
आणि तो आवाज जरा वाढवा.