हद्द कायम मोजणी

नगर भूमापन कार्यालयात एकवीस वर्षं
मी लोकांच्या हद्दी आखतो.
पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
दक्षिणेस बोळ, उत्तरेस भांडण.
चाळिशी उलटल्यावर गिटार शिकायला बसलो
तर पहिल्या महिन्यात केलं काय?
आलेखाच्या कागदावर तिची मान काढली,
सहा तारा, बावीस पडदे,
आणि पाच चौकटी पाच रंगांत.
पहिली पाचव्या पडद्यावर, लाल.
दुसरी सातव्यावर, हिरवी.
पुढच्या तिघी निळी, जांभळी, विटकरी.
प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीला चतुःसीमा.

रास्ता पेठेत सायकलच्या दुकानावर
एलायझर पेणकर सरांची खोली.
वय चौऱ्याहत्तर,
डाव्या हाताच्या बोटांची टोकं
जुन्या चपलेच्या टाचेसारखी.
नकाशा चष्म्याजवळ धरून म्हणाले,
"सुरेख. फ्रेम करून लाव.
आणि आता वाजव."

वाजवलं.
लाल घरात मी राजा,
पाचवा-आठवा, पाचवा-सातवा, डोळे मिटून.
मग लाल घर बंद केलं, कुलूप घातलं,
किल्ली खिशात टाकली, जिना उतरलो,
रस्ता ओलांडून हिरव्याचं दार उघडेपर्यंत
सरांच्या पायाचा ठेका
चार मात्रा पुढे निघून गेलेला.

"सूर किती आहेत रे?"
"पाच. सा, कोमल ग, म, प, कोमल नि."
"पाचच ना? मग एवढी कुलपं कुठून आणलीस?"

त्यांनी खुंट्या पिळून पाच तारा ढिल्या सोडल्या,
ज्या सुरात लावायला मला पाऊण तास लागायचा.
तिसरी तेवढी ठेवली.
"हिच्यावरून चाल."
दुसऱ्या पडद्यावर सा, तिथून
तीन, दोन, दोन, तीन, दोन.
बेरीज बारा. पुन्हा सा.

घरी जाताना तेच पावलांनी मोजत गेलो.
तीन, दोन, दोन,
रिक्षाला वाट दिली, तीन, दोन.
रास्ता पेठ कुठे संपली, नाना पेठ कुठे लागली,
मला, सरकारी मोजणीदाराला,
कळलं नाही.

त्याच आठवड्यात भवानी पेठेत मोजणी होती.
ढवळे आणि तांबट,
वीतभर भिंतीसाठी नऊ वर्षांचा दावा.
ढवळेबाई म्हणाल्या, भिंत आमची,
आम्ही खिळा ठोकला की
त्यांच्या मांडणीवरची ताटं वाजतात, वाजू देत.
तांबट म्हणाला, वाजतात ना?
मग आमचीच झाली की.
मी टेप गुंडाळला, कागदावर लिहिलं:
भिंत सामाईक.
दोघांनीही चहा विचारला नाही.

गुरुवारी संध्याकाळी
अनामिका तिसऱ्या तारेवर, सातव्या पडद्यावर होती.
लाल घराची उजवी भिंत.
म्हणजे हिरव्याची डावी.
बोट उचललं नाही. दाबलेलंच सरकलं
नवव्यावर, म वरून प वर,
तारेचा श्वास न तोडता,
मग शेजारच्या तारेवर आठवा,
दहावा.
वरचा सा.
पलीकडे कुठेतरी ताटं वाजली असणार.

सर काही बोलले नाहीत.
पाय त्यांचा चालूच होता.
खाली कुणीतरी चाक फिरवून आरे तपासत होतं,
त्या किरकिरीतच मी आणखी दोनदा गेलो,
दोनदा परत आलो,
तिसऱ्यांदा घसरून भलत्याच पडद्यावर पडलो.

बाराव्याशी अजून जमत नाही.
निळी आणि जांभळी तिथे
एकमेकींचं तोंड बघत नाहीत.
काल रात्री जेवणानंतर खोडरबर घेऊन
नकाशातल्या मधल्या रेघा पुसायला बसलो.
रंगीत पेन्सिल पुसली जात नाही,
नुसती पसरते.
लाल हिरव्यात गेली, हिरवी निळ्यात,
माझ्या तळहाताला पाचही लागले,
आणि कागद कचऱ्यात टाकायचा म्हणून उठलो
तो अजून तसाच
हातात धरून बसलोय.