दोन टिक परत

कॅलगरीला जाताना ग्वेर्नने गाडी माझ्या नावावर केली,
किल्लीबरोबर एक ताकीद: स्प्रिंगांना हात लावायचा नाही.
अठ्ठ्याण्णव सालची, दोन दारांची, जमिनीपासून चार बोटं वर,
डोंगरावरच्या शर्यतींसाठी त्यानेच कडक केलेली.
रस्त्यात पेनी पडलेली असली
तर राणीचं तोंड वर आहे की खाली
ते बसल्याजागी कळायचं.

माझं काही म्हणणं नव्हतं. कंबर पन्नाशीची, पण शाबूत.
आईचा मात्र हिवाळ्यात एक मणका चेपला,
कोंबड्यांच्या खुराड्याशी, बर्फावर,
आणि जूनमध्ये ती म्हणाली,
मला बार्मथला समुद्र बघायचाय.
टॅक्सीने नाही. बसने नाही.
ग्वेर्नच्या गाडीतून.

पहिल्या खेपेला आम्ही पोचलो
मेंढ्या अडवायच्या लोखंडी जाळीपर्यंत.
जाळीला सोळा दांडे आहेत.
मी कधी मोजले नव्हते. आईने मोजले, दात आवळून,
आणि सोळाव्यानंतर एवढंच म्हणाली,
"वळव."

मेर्व्हिनने स्प्रिंगकडे बघितलंसुद्धा नाही.
आधी हवा, म्हणाला.
ग्वेर्नचा मीटर सव्वीस दाखवी, त्याचा चौतीस.
इतकी वर्षं मी एका खोट्या काट्यावर
अगदी प्रामाणिकपणे हवा भरत होते.
मग त्याने टायरला अंगठ्याचं नख रोवलं. रुतलं नाही.
चौदा वर्षांचे, म्हणाला, नक्षी नवी, पण रबराचं लाकूड झालंय.
बुश काढले तर हातात आला
तव्यावर करपलेल्या वेल्श केकचा चुरा.
शेवटी खाली सरपटत गेला, आणि तिथूनच आवाज आला:
"स्प्रिंगला दबायला जागाच नाही, नेस्ट.
प्रत्येक खड्ड्यात ठोकळ्यावर आपटते.
ही कडक नाही. ही कोंडलेली आहे."

या वाक्याचा माणसांशी काही संबंध लागू नये
म्हणून घरी येताना मी रेडिओ लावला.

रात्री फोन. तिकडे दुपार.
"उचललीस? किती?"
दीड बोट.
"वळणावर झुकेल."
झुकू दे.
"तू माझी गाडी सोफा करून टाकणार."
मग मी मणक्याचं सांगितलं, जे आईने सांगू नको म्हटलं होतं.
कॅलगरीत कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढं ऐकू आलं.
"शॉकअपच्या डोक्यावर पितळी चकती आहे," तो म्हणाला,
"बारा टिक. मी बारावर ठेवलेत.
सहावर आण.
चारी चाकांना सारखे, घाई नको, कान लावून मोज."

दुसऱ्या खेपेला आईने मांडीवर चहाचा पेला धरला, अर्धा.
सोळा दांडे एका गुरगुरीत गेले.
चहाने कडेला नुसती जीभ लावली.
मी म्हटलं, काय, पोटातलं पाणी हललं का?
"नाही," ती म्हणाली,
जसं दुकानदाराला म्हणावं, माल चांगलाय पण आम्हाला नको.
थोड्या वेळाने:
"होडीत बसल्यासारखं वाटतंय.
तो चालवायचा तेव्हा मला रस्ता कळायचा."

बार्मथच्या पार्किंगमध्ये, भरतीच्या वासात,
मी चाकाआड हात घालून आडवी झाले,
गालाला वाळू, समोर एका कुत्र्याचे चार पाय,
आणि एकेक चकती दोन टिक परत फिरवली.
आई बाकावर बसून चिप्स खात होती,
समुद्राकडे पाठ करून माझ्याकडे बघत.
"आठ झाले?" तिने विचारलं.
ग्वेर्नने तिलाही फोन केला होता तर.

परतताना जाळीशी तिने पेला खाली ठेवला,
दोन्ही हात सीटवर टेकले
आणि मोठ्याने मोजायला लागली.
चौदाच आले म्हणाली,
परत घे.