दाबमापक

वडिलांच्या गाडीत तेलाच्या दाबासाठी
एकच लाल दिवा. अजून आहे.
तो पेटतो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.
वरातीमागून घोडं,
तेही लाल.

त्यांना दिव्याची गरज कधी पडली नाही.
पंच्याहत्तरची डॅटसन, लोणीरंगी.
केमीहून तोर्निओला जाताना
एक कान इंजिनाकडे,
दुसरा आईकडे.
मध्येच म्हणत, "गप्प, जरा गप्प,"
आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही
की हे तिला, की टॅपेटला.

आता ते कान गेले.
कागद गिरणीतल्या तीन नंबरच्या मशीनने
एकतीस वर्षं हप्त्याहप्त्याने वसूल केले.
गेल्या उन्हाळ्यात, आईला वॉर्डात सोडून परतताना,
तेल तळाला गेलेलं.
इंजिन पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावे तसं वाजत होतं,
बंदरावरची पोरं वळून पाहत होती,
आणि वेय्यो लुओमा शीळ घालत गाडी हाकत होते.

म्हणून ही तबकडी. बावन्न मिलिमीटर,
काळी, पांढरे आकडे, ओउलूच्या दुकानातली.
जे कानाला जमत नाही ते डोळ्याने करावं.

नोव्हेंबर. अडीचलाच गॅरेजचा दिवा लावावा लागतो.
जुना सेन्सर निघता निघेना,
निघाला तेव्हा माझ्या बोटाचं सालही घेऊन निघाला.
त्याच्या जागी पितळी फाटा:
एका तोंडाला जुना दिवा, दुसऱ्याला नवी नळी.
दोन फेरे गोडीगुलाबीने बसला, मग अडला.
जपानी इंजिनाला इंचात अठ्ठावीस आटे,
अमेरिकी फाट्याला सत्तावीस.
एका आट्याचा फरक.
आमच्या घरात याहून कमी फरकावर
माणसं वर्ष वर्ष बोललेली नाहीत.

आठवडाभर जोडतुकड्याची वाट पाहिली.

मग भोक.
इंजिन आणि पाय यांच्यामधला पत्रा,
पन्नास हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ पचवून
जिथे गंज शिरला नाही, तिथेच ड्रिल टेकवायचं.
वडील पाठ करून उभे राहिले.
भोक पडून गेलं तरी तसेच उभे.
खांद्यावर थाप मारून सांगावं लागलं, झालं.
त्यांनी काही न बोलता शेंदराचा डबा उघडला,
बोटींच्या तळाला लावतात तो,
आणि काडीने भोकाच्या कडेला लावला,
कडेला, आणि थोडा आसपासही,
जिथे काहीच झालं नव्हतं.

रबरी कडं. नळी. नट, फार आवळायचा नाही.
चावी फिरवली.
पारदर्शक नळीतून तेल चढत आलं,
पुढे एक बुडबुडा, वाट दाखवल्यासारखा,
आणि काटा उठला.
साडेचार.
मी ओरडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

रेल्वे फाटकापर्यंत जाऊन येऊ म्हणाले.
मी काट्याकडे बघत होते, ते रस्त्याकडे.
गियरच्या दांड्यावर त्यांचा तळवा, सपाट,
तापलेल्या मुलाच्या कपाळावर असावा तसा.
"चार," ते म्हणाले.
काटा चारवर.
पुलाच्या चढाला, "साडेतीन."
साडेतीन.
फाटकाशी थांबलो, इंजिन गरम, मंद.
"दीड."
एक, मी बोट दाखवून म्हटलं.
त्यांनी काचेवर टिचकी मारली.
"तुझं यंत्र कमी दाखवतं."

मालगाडी जात होती. लाकडाचे ओंडके, डब्यामागून डबे.
तळव्याला एवढं कळतं,
मग गेल्या उन्हाळ्यात?
मी विचारलं. मोठ्याने विचारलं.
त्यांनी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं.
फाटक उघडलं.

रात्री म्हणाले, त्या तबकडीचा उजेड डोळ्यांत येतो.
सकाळी पाहिलं तर काचेवर
काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, नीट कापलेला.
अर्धीच काच झाकली होती.
शून्याकडची.