पंचनाम्याचा कागद

भाचीनं म्युझियमच्या दुकानातून आणलेला खोका :
बारा कार्डं, बारा लिफाफे, झाकणावर जपानी डोंगर.
किमतीचं स्टिकर तिनं नखानं खरवडलेलं,
तरी शेवटची दोन शून्यं राहिलीच.
मी हरभट रोडवर वह्या विकतो,
शून्यं मला लगेच दिसतात.

"असल्या कार्डावर लिहायचं काय, पद्मजा?"
"लिहायचं नाही मामा, ठेवायचं."
ठेवलं. सगळ्यात वरच्या फळीवर.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाहुबली खोका उतरवायचा.
डोंगर बघून म्हणायचा, "ह्यो आपला दंडोबाच,
फकस्त टोपी घातलीया."
एका कार्डावर लाकडी पूल, तिरपा पाऊस,
माणसं पाठीत वाकून पळताहेत,
एका छत्रीत तिघं.
तिथं तो काहीच म्हणायचा नाही.

मी रबरी शिक्केही करून देतो, मला ठाऊक आहे,
उलटं कोरल्याशिवाय सुलट उमटत नाही.
म्हणजे कुणीतरी हा पूल आधी उलटा बांधला
आणि पावसाची एकेक रेघ
लाकडात राखली,
आजूबाजूचं सगळं काढून टाकून.

त्या ऑगस्टात आयर्विनच्या खांबावरचे आकडे
एकेक करून पाण्याखाली गेले.
दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत नदी.
दोनशे पानी वह्या पावासारख्या फुगल्या,
हळदवाल्यांच्या चोपड्यांनी लाल रंग सोडला,
शटर उचललं तर भिंतीला कमरेपर्यंत गुलाबी.

तलाठी भाऊसाहेब आले. त्यांचं पॅड होडीतच भिजलेलं.
"एखादा कोरडा कागद द्या," म्हणाले,
स्टेशनरीच्या दुकानात उभं राहून.
आम्ही तिघंही हसलो, मग थांबलो.
बाहुबली स्टुलावर चढला
आणि न निवडता वरचं कार्ड दिलं.

वह्या, चाळीस गठ्ठे. कंपासपेट्या, सहा डझन.
चोपड्या, नग आठवत नाही.
शिक्क्याचं रबर, दहा शिटं.
खाली जागा संपली, म्हणून बाहुबलीची सही आडवी.
भाऊसाहेबांनी कार्ड उलटलं,
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"हे कुठल्या सालचं पाणी?"

भरपाई आली, निम्मी.
उरलेली अकरा काउंटरच्या काचेखाली आहेत,
कुणी भाव विचारला तर मी दुसरंच काहीतरी दाखवतो.
आणि तहसीलच्या कुठल्या तरी कपाटात,
टाचणीला, माझ्या चाळीस गठ्ठ्यांच्या पाठीमागं,
ती माणसं अजून पळत असतील,
एका छत्रीत तिघं.